तीन तासांची रात्र : मुंबईत रात्र कशी वापरावी

मुंबई कधी झोपत नाही, असे म्हणायची रीत आहे. लोकलच्या वेळापत्रकात मात्र ती रोज तीन तास डोळे मिटते. चर्चगेटहून बोरिवलीकडे जाणारी शेवटची धीमी गाडी रात्री एकच्या सुमारास सुटते. मध्य आणि हार्बर मार्गावरच्या शेवटच्या गाड्या सीएसएमटीहून त्याआधीच निघून गेलेल्या असतात. त्यानंतर या स्थानकांतून थेट पहाटे चारनंतर पहिल्या गाड्या सुटू लागतात. मधल्या वेळात रूळ, ओव्हरहेड तारा आणि सिग्नल यांची कामे उरकून घेतली जातात. मुंबईची खरी रात्र ती एवढीच. या शहराच्या रात्रीचा उपभोग घ्यायचा असेल तर हे तीन तास मध्ये धरून अलीकडचा आणि पलीकडचा वेळ आखावा लागतो.

‘चोवीस तास उघडे शहर’ हा शब्दप्रयोगही थोडा फसवाच आहे. एकच दुकान दिवसरात्र उघडे आहे, असे दृश्य मुंबईत तुलनेने कमी. शहर उघडे राहते ते पाळ्यांनी. स्टेशनबाहेरचा मोबाईलवाला अकराला शटर ओढतो आणि त्याच शटरसमोर बुर्जीची गाडी लागते. तिचा तवा थंड होतो तोवर पेपरवाले गठ्ठे सोडायला बसलेले असतात. त्यामुळे ‘काय उघडे आहे’ यापेक्षा ‘या घटकेला कोण जागे आहे’ हा प्रश्न रात्री जास्त उपयोगी पडतो.

रात्रीची ही सवय मुंबईला एका दिवसात लागलेली नाही. बंदराचे काम भरती-ओहोटीवर चालते आणि भरती घड्याळ पाहून येत नाही. रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ साली. १९०५ च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले, तेव्हा मालकांना सूर्यास्ताची अट उरली नाही आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. कामगारांनी त्याविरुद्ध दंगा केला. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत प्रौढ कामगाराचा दिवस १२ तासांवर आणला. पुढे पाळ्या रुजल्या आणि त्यांच्याभोवती गिरणगाव उभे राहिले. एकाच खोलीत दहा-बारा गडी राहायचे. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच वळकटीवर रातपाळीवाला आडवा व्हायचा, आणि खाणावळवाली बाई दोघांचीही ताटे वेगवेगळ्या वेळी वाढायची. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या, पण रातपाळी संपली नाही. ती कॉल सेंटर, इस्पितळे, विमानतळ आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत गेली.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा दुकानांना वर्षाचे ३६५ दिवस उघडे राहू देतो, मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुटी मिळालीच पाहिजे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रियांना कामाला बोलवायचे तर त्यांची संमती हवी, आणि संरक्षणाची व जाण्यायेण्याची सोय मालकाने करायची. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या अनिवासी भागांतील मॉल आणि हॉटेलांना रात्रभर उघडे राहण्याची मोकळीक दिली. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि त्या योजनेचा पहिला बहर तिथेच करपला. परवानगी आहे म्हणून गिऱ्हाईक येतेच असे नाही, हेही दिसून आले. मद्यगृहांच्या वेळा वेगळ्या नियमांनी बांधलेल्या आहेत. ती साधारणपणे दीडपर्यंत आवरतात.

मुंबईत नव्याने राहायला येणाऱ्याने घर बघायला दिवसा एकदा जावे आणि रात्री बाराच्या पुढे पुन्हा एकदा जावे. दलाल हे कधी सुचवत नाही. स्टेशनपासून घरापर्यंत पायी चालून पाहावे. वाटेत कुठे दिवे नाहीत, कुठली पानटपरी किंवा मेडिकल उघडे असते, कुत्र्यांची टोळी कोणत्या वळणावर बसते, हे त्या दहा मिनिटांत कळते. सोसायटीचे फाटक किती वाजता बंद होते, वॉचमन जागा असतो की त्याला हाक मारून उठवावे लागते, रात्री येणाऱ्या भाडेकरूविषयी समितीचे म्हणणे काय, हे करार करण्याआधी विचारावे. पाण्याची वेळही विचारून घ्यावी. मुंबईत काही भागांत महापालिकेचे पाणी भल्या पहाटे येते आणि ज्या इमारतीत टाकीची सोय धड नाही तिथे एकाला तरी पिंप भरायला उठावे लागते. रातपाळीवाल्याला ही वेळ सोयीची पडू शकते. तो नुकताच घरी आलेला असतो.

रात्रीच्या प्रवासाचा कणा म्हणजे शेवटची लोकल. तिची वेळ तोंडपाठ असावी, पण तिच्यावर विसंबू नये. नेहमी तिच्या आधीची गाडी ‘आपली’ समजावी आणि शेवटची राखीव ठेवावी. वेळापत्रक अधूनमधून बदलते आणि रात्रीच्या ब्लॉकमुळे एखादी गाडी रद्दही होते, म्हणून निघण्यापूर्वी अ‍ॅपवर पाहून घेणे बरे. या गाडीचा एक स्वतंत्र समाज असतो. हॉटेलातले वेटर चपला काढून पाय समोरच्या बाकावर टाकतात, कुणी डबा उघडून थंड पोळी-भाजी खातो, कुणी दाराशी उभा राहून घामेजलेला शर्ट वाऱ्याला देतो. सकाळच्या गर्दीत जे कोपर बरगडीत बसते, तेच रात्री शेजाऱ्याला उठवायला उपयोगी पडते: “डोंबिवली आली की हलवा हं.” ही विनंती अनोळखी माणसाला करायला मुळीच संकोच करू नये, न केल्यास कर्जत किंवा विरार पाहावे लागते आणि तिथून परतीची गाडी पहाटेपर्यंत नसते.

गाडी चुकलीच तर तीन पर्याय उरतात. बेस्टच्या काही निवडक मार्गांवर रात्रभर बस असते. फेऱ्या विरळ असल्याने थांब्यावर जाण्याआधी बस कुठे आहे हे अ‍ॅपवर पाहावे. दुसरा पर्याय टॅक्सी-रिक्षाचा. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळात मीटरच्या भाड्यावर २५ टक्के जास्त द्यावे लागतात. फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दरांनुसार रिक्षाचे किमान भाडे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये आहे. म्हणजे रात्री ते अनुक्रमे ३३ आणि ३९ च्या घरात जाते. त्यावर ‘रात्रीचे डबल’ मागणाऱ्याला कायद्याचा आधार नाही. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा येत नाही, हे बाहेरगावच्या पाहुण्याला आवर्जून सांगून ठेवावे. मेट्रो रात्री उशिरा उपयोगी नाही. तिचे कामकाज लोकलच्या बरेच आधी आटोपते. तिसरा पर्याय म्हणजे चारपर्यंत थांबणे, आणि तो वाटतो तितका वाईट नाही. मोठ्या स्टेशनांवर तिकीट हातात असेल तर बाकावर बसता येते. बरोबर एक चादर आणि चार्जर असला की झाले.

स्त्रियांच्या दृष्टीने मुंबईची रात्र देशातल्या अनेक शहरांपेक्षा मोकळी आहे, यात शंका नाही. याचे श्रेय गस्तीइतकेच रस्त्यावरच्या साध्या वर्दळीला जाते. चहाची किटली, रिक्षाची रांग, मेडिकलचा हिरवा क्रॉस, इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली झोपलेला माणूस, हे सगळे मिळून एक पहारा होतो. म्हणून रात्री जवळच्या वाटेपेक्षा जागती वाट निवडावी. महिलांच्या डब्यात रात्री पोलीस किंवा होमगार्ड असतो. तो ज्या डब्यात चढतो त्याच डब्यात बसावे. सगळे डबे सारखे रिकामे असले तर मोटरमन किंवा गार्डजवळचा डबा बरा. महिलांचे काही डबे ठराविक वेळीच राखीव असतात, त्यामुळे डब्यावरची पाटी वाचून चढावे. पोलिसांसाठी ११२, रेल्वेसाठी १३९, लोहमार्ग पोलिसांसाठी १५१२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक फोनमध्ये असावेत, आणि एका कागदावरही असावेत. बॅटरी नेमकी त्याच रात्री संपते.

खाण्याचा विषय निघाला की रात्रीच्या मुंबईविषयी प्रत्येकाला मत असते. कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्लीत १९४६ पासून चाललेल्या बडेमियाँच्या शीग कबाबांची ख्याती जुनी आहे. रमजानच्या महिन्यात मोहम्मद अली रोड आणि मिनारा मशिदीची गल्ली सहेरीपर्यंत जागी असते. तिथे जायचे तर तरावीहची नमाज संपल्यावर, पायी, रिकाम्या पोटी जावे. मालपुवा एकाने एक घेण्याऐवजी चौघांत एक घ्यावा, नाहीतर फिरनीला जागा उरत नाही. पण रोजच्या रात्रीचे खरे अन्न म्हणजे बुर्जी-पाव. गाडी कशी निवडावी, याची एक खूण आहे. जिच्याभोवती रिक्षावाले आणि वॉचमन उभे आहेत आणि जिच्याशेजारी अंड्यांचे रिकामे ट्रे चळत लावून ठेवले आहेत, तिथला माल शिळा नसतो. कांदा तव्यावर पडतो, मिरची मागोमाग येते, उलथन्याचा खडखडाट ठेक्यात सुरू होतो आणि हळद-तिखटाचा ठसका रस्ता ओलांडून पलीकडे जातो. अंडी अगदी कोरडी होण्याआधी ‘गिली’ म्हणून सांगावे. पाव तव्यावर दाबून मिळतो. किंमत आधी विचारावी आणि पाणी स्वतःच्या बाटलीतले प्यावे.

चहासाठी मुंबईने सायकल शोधून काढली. नरिमन पॉइंट आणि मरीन ड्राइव्हच्या बाजूला रात्री उशिरा सायकलला थर्मास, कागदी कपांची माळ आणि बिस्किटांचे पुडे लटकावून चहावाले फिरतात. त्यांची जागा पक्की नसते. त्यामुळे त्यांना शोधण्याऐवजी ३.६ किलोमीटरच्या त्या कठड्यावर कुठेही बसावे आणि वाट पाहावी. समुद्राकडे पाठ करून बसले तर चहावाला लवकर दिसतो, पण मग यायचेच कशाला?

पावाचा उगमही रात्रीतच आहे. बेकऱ्यांमध्ये पीठ संध्याकाळनंतर मळले जाते, रात्री भट्टी तापते आणि चार-साडेचारला गरम लाद्या सायकलवरून निघतात. जवळच्या बेकरीची वेळ एकदा माहीत करून घेतली की आयुष्यात एक सुख कायमचे वाढते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. त्यामुळे धुराचा तो विशिष्ट वास पावाला पुढे किती दिवस राहील हा प्रश्न आहे.

तीन ते सहा हा बाजारांचा पहर. दादरच्या पश्चिमेचा फुलबाजार पहाटे चारला भरात असतो. पुणे, नाशिक, सातारा या भागांतून टेम्पो येतात. वसई-विरारकडची फुले पहिल्या लोकलच्या लगेजच्या डब्यातून येतात. झेंडू आणि शेवंती गोण्यांतून ओतली जाते, मोगरा ओल्या फडक्यात राहतो, निशिगंधाच्या जुड्या पाण्याच्या बादलीत उभ्या असतात. घरच्या कार्यासाठी फुले हवी असतील तर पाचच्या आत जावे आणि किलोवर भाव करावा. सहानंतर तीच फुले वाट्यावर आणि हारावर विकली जातात आणि भाव बदलतो. गणपती, दसरा, लक्ष्मीपूजन या दिवसांची पहाट टाळून आदल्या दिवशी दुपारी जाणे शहाणपणाचे. झेंडू एक रात्र टिकतो, मोगरा टिकत नाही. पायांत रबरी चप्पल असावी. चिखल, पाने आणि हमालाची पाटी यांच्यामधून वाट काढायची असते आणि हमालाला वाट देणे हा तिथला पहिला शिष्टाचार आहे.

मासळीसाठी ससून डॉक किंवा भाऊचा धक्का. १८७५ साली बांधून झालेल्या ससून डॉकमध्ये पाचच्या सुमारास लिलाव सुरू होतो. बोली झरझर जाते आणि माल टोपल्यांनी उचलला जातो. एकट्या घराला टोपलीभर बांगडे परवडत असले तरी मावत नाहीत, म्हणून चार घरांनी मिळून जावे. किंवा लिलावाच्या नादी न लागता बाजूला वाटे लावून बसलेल्या कोळणीकडून घ्यावे. कल्ला उघडून लाल आहे का पाहावा, पापलेट दाबून पाहावे, पण हातात घेतलेला मासा भाव न करता खाली ठेवू नये. त्यावर जे ऐकावे लागते त्याची तयारी नवख्याची नसते. फोटो काढण्यापूर्वी विचारावे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असल्याने या दोन महिन्यांत पहाटे उठून तिथे जाण्यात फारसा अर्थ नाही. भाजीचा घाऊक बाजार वाशीला गेला आहे. मध्यरात्रीनंतर ट्रक लागतात आणि उजाडेपर्यंत मुंबईच्या गल्लोगल्ली माल पोचतो. घरगुती गिऱ्हाइकाला त्यासाठी वाशी गाठायची गरज नाही, दादरची पहाटेची भाजी पुरते.

याच वेळेला पेपरवाले स्टेशनबाहेर पथारी पसरून पुरवण्या अंकात घालत असतात. ते काम इतक्या वेगाने चालते की बोटे दिसत नाहीत. सोमवारी रात्री आणखी एक वर्दळ असते: उपनगरांतून अनवाणी चालत सिद्धिविनायकाला निघालेल्या मंडळींची. मंगळवारी मंदिर इतर दिवसांपेक्षा बरेच आधी उघडते, आणि पहाटेच्या दर्शनासाठी ही मंडळी रात्रभर चालतात. त्यांच्यासोबत पहिल्यांदा चालणाऱ्याने पायमोजे पिशवीत ठेवावेत, परतीला लागतात.

औषधाची गरज मात्र वेळ पाहून येत नाही, म्हणून ही तयारी आधी केलेली बरी. केईएम, सायन, नायर, जे. जे. अशा सार्वजनिक रुग्णालयांचे अपघात विभाग रात्रभर चालू असतात. मोठ्या रुग्णालयांच्या आसपास, विशेषतः परळच्या पट्ट्यात, रात्रभर उघडी औषधाची दुकाने सापडतात. आपल्या घराजवळचे असे दुकान कोणते, हे दुखणे येण्याआधी पाहून ठेवावे आणि त्याचा फोन क्रमांक लिहून ठेवावा. डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला तर निम्मे हेलपाटे वाचतात. रात्री चिठ्ठीशिवाय गोळ्या न देणाऱ्या दुकानदाराशी हुज्जत घालू नये. तो नियमाप्रमाणे वागत असतो.

जागत्या शहराचा एक त्रासही आहे, आवाजाचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही मर्यादा १२ पर्यंत वाढवू शकते. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि ती बहुधा नुसत्या रहदारीनेच ओलांडली जाते. तक्रार करायची तर आवाज चालू असतानाच करावी. सकाळी केलेल्या तक्रारीला पुरावा नसतो. या नियमांनी काही जुने आनंदही आवरते घेतले. गिरणगावातल्या डबलबारी भजनांना एकेकाळी उजाडायचे, आता मंडपातल्या बाऱ्या घड्याळाकडे पाहत गायल्या जातात. अनंत चतुर्दशीची रात्र हा सर्वांत मोठा अपवाद. मिरवणुका दुसऱ्या दिवसापर्यंत चालतात आणि त्या रात्री रेल्वे मधल्या तीन तासांतही खास गाड्या सोडते. विसर्जन पाहायला जाणाऱ्याने परतीचे तिकीट जातानाच काढावे, लहान मुलांच्या खिशात घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि भेटण्याची जागा म्हणून स्टेशन ठरवू नये. सगळ्यांनी तेच ठरवलेले असते.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. जून ते सप्टेंबर रात्री बाहेर पडण्याआधी भरतीची वेळ पाहावी. ती वर्तमानपत्रात रोज छापून येते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की सखल भागातले पाणी समुद्रात उतरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, तेव्हा लाखो माणसे रात्रभर कचेऱ्यांत, बसमध्ये आणि अनोळखी घरांत अडकली. अशा रात्री गाठोडे उचलून चालत सुटण्यापेक्षा आहे तिथे थांबावे. महापालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १९१६ आहे. समुद्राच्या कठड्यावर बसणे ठीक, पण टेट्रापॉडवर उतरणे कोणत्याही ऋतूत आणि कोणत्याही वेळी टाळावे.

पाच वाजता माटुंग्याच्या रामाश्रयचे दार उघडते. पहिल्या घाण्याच्या इडलीला दोन तऱ्हेची माणसे शेजारी बसतात: फिरायला निघालेली आणि कामावरून परतलेली. दुसऱ्या गटाने फिल्टर कॉफीचा मोह आवरावा, नाहीतर झोप दुपारवर जाते. रातपाळी करणाऱ्याने घरी पोचताच अंघोळ करून खिडकीला जाड, गडद पडदा ओढावा. पडदा नसेल तर जुने वर्तमानपत्र चिकटवले तरी चालते. दारावरची बेल बंद करावी. कुरिअर, गॅसचे सिलिंडर आणि भंगारवाला यांची गाठ वॉचमनशी घालून द्यावी. दुधाची पिशवी दाराच्या कडीला लावायला सांगावी. आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना एकदा भेटून सांगून यावे की दुपारी बारापर्यंत दार उघडले नाही तरी काळजी करू नका, माणूस आत झोपलेला आहे.